रुखवतातली बाई

सोमवार, १९ जानेवारी १९९८

काकडी! साखरपुडा होऊन तीन महिने झाले, पण विहीणबाईंच्या तोंडून काकडी काही जात नाही.

आज पनवेलला त्यांच्याकडे लग्नाची पत्रिका द्यायला गेलो. हळदीकुंकू लावलं, पत्रिका हातात ठेवली, वाकून नमस्कार केला. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "छान. साखरपुड्याला कोशिंबिरीत काकडी जाड होती, तेवढं या वेळी बघा." ह्यांनी मान खाली घातली. मीही घातली. मुलीकडचे ना आपण!

मग म्हणाल्या, "रुखवत नीट मांडा हं. आमच्याकडची माणसं आधी रुखवत बघतात, मग मुलगी." हसत म्हणाल्या असत्या तर थट्टा म्हणून सोडून दिलं असतं. पण विहीणबाई हसतच नाहीत. बोलणी झाली तेव्हा नाही, साखरपुड्याला नाही, आज नाही. वाईट बाई म्हणवत नाही. घर लख्ख, देवघर लख्ख. पण चेहरा कुलूप लावल्यासारखा. पार्थ गुणी मुलगा आहे, पण तो दिवसभर कामावर. आमच्या ऋताला सकाळ-संध्याकाळ विहीणबाईंच्याच स्वयंपाकघरात काढायची आहे.

घरी आले तर ऋता दारातच उभी. पत्रिका आवडली का, काय म्हणाल्या, काही विचारलं नाही. एवढंच — "हसल्या का त्या?"

"नाही गं."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. ही पोर लहानपणी हसायला लागली की उचकी लागेपर्यंत थांबायची नाही. आता आरशासमोर उभी राहून मान खाली घालायची सवय करते. मी बघितलंय.

८ फेब्रुवारीला लग्न. दत्तगुरू, माझ्या पोरीला त्या घरात मोठ्याने हसता येऊ दे. बाकी मागणं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

तीन घरी हळदीकुंकू. तिन्ही घरी वाण काय — चहाची गाळणी! घरी आणून माळ्यावरच्या पिंपात टाकली. तिथे सगळ्या संक्रांतींचं वाण साठलंय. गाळण्या, चमचे, साबणदाण्या, किसण्या, लिंबू पिळायची यंत्रं. वापरून संपत नाही, आणि सवाष्णीने ओटीत घातलेलं टाकायचं कसं? असू दे.

बुधवार, २१ जानेवारी

रुखवताची तयारी सुरू. साखरेचं देवघर, शेवयांची झोपडी, खारकांचे पोपट, नारळाचे भटजी. सोसायटीत कुणाचंही लग्न निघालं की हेच सगळं माझ्या हातून होतं आणि सगळे म्हणतात, किती सुबक! सुबक तर सुबक. पण भटजींना शेंडी चिकटवताना मला हल्ली जांभया येतात. हे फक्त इथे लिहिते.

गुरुवार, २२ जानेवारी

आज झालं ते नीट लिहूनच काढते, नाहीतर पोटात राहून दुखेल!

विहीणबाईंचे थोरले भाऊ फोर्टमध्ये बँकेत मोठे साहेब आहेत. त्यांची पत्रिका हातातच द्यायची, टपालाने नाही, असा पनवेलचा हुकूम. ह्यांना रजा मिळेना. एकटीने आमंत्रणाला जाऊ नये म्हणून चांगुणाबाई बरोबर आल्या. त्या मूळच्या सानपाडा गावातल्या. आमची सोसायटी आज उभी आहे तिथे त्यांच्या घरची भातशेती होती. आमच्या हरिपाठात सगळ्यांत खणखणीत टाळ त्यांचा. ठेवणीतलं नऊवारी नेसून, डोक्यात अबोली माळून निघाल्या.

बँकेत शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, तीननंतर या. बाहेर ऊन. मला गुरुवारचा उपास, चांगुणाबाईंचे गुडघे. हॉटेलात काही न घेता बसू देतात थोडेच! चालत चालत काळ्या घोड्यापर्यंत आलो तर एक मोठी गोल तोंडाची इमारत, बाहेर फलक — शिल्पांचं प्रदर्शन. तिकिटाच्या खिडकीत विचारलं, आत पंखे आहेत का? पाणी? बाथरूम? सगळं आहे म्हणाला. मग द्या दोन!

आत पाऊल टाकलं आणि — काय तो गारवा! चिडीचूप. पायाखाली गुळगुळीत फरशी. वरून एकेका वस्तूवर एकेक दिवा सोडलेला, बाकी अंधार, गाभाऱ्यात असतो तसा. दोघींनी आपोआप चपला काढल्या. एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीशी जोडीने लावून ठेवल्या आणि हात जोडूनच पुढे गेलो.

देव कुठेच नव्हता. पुढे होता बगळा! छत्रीच्या काड्यांचा! पंख म्हणजे छत्रीचं विटलेलं काळं कापड, चोच म्हणजे छत्रीचं टोक. एका पायावर उभा, आणि तोंड असं की त्याच्या हक्काचा मासा कुणीतरी आत्ताच पळवलाय. चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "गो बाय, छत्री मोडली का आमी टाकून देतो. तिच्यात बगला होता व्हय!"

पुढे एक काळा दगड, तेल लावल्यासारखा. डोकं लिंबाएवढं, पोट हंड्याएवढं, हातपाय नाहीतच. मधोमध बेंबी. खाली पाटी — 'दुपार'. मी पाटी बघितली. पोट बघितलं. पुन्हा पाटी बघितली. आणि डोळ्यांसमोर आली रविवारची दुपार, आमरसाचं जेवण झाल्यावर भिंतीला टेकलेले आमचे हे! पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू नाकातून बाहेर!

"कोन हाय ह्यो?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"आमचे हे."

"नाय गो! ह्यो आमचा धनी. बेंबी बग ना!"

आमचं भांडण लागलं, कुणाचा नवरा म्हणून. तिथला राखणदार धावत आला. छातीवर बिल्ला, अंकुश म्हणून. "ताई, हळू बोला. आणि हात नाही लावायचा कशाला." मी म्हटलं, "नाही लावत हो. सगळी सोवळ्यात आहेत, कळलं आम्हाला." त्यालाही हसू आलं. म्हणाला, "हे भारी आहे. मी पण आता असंच सांगणार लोकांना."

तो मग आमच्याबरोबरच फिरायला लागला. त्याने दोन खुर्च्या दाखवल्या. साध्या लाकडी, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून ठेवलेल्या. एकीची पाठ वाकवून दुसरीच्या कानाशी नेली होती. बस्स, एवढंच. ना तोंड, ना डोळे. पण मला ती कुजबुज ऐकू आली! आमच्या जिन्यात दुपारी निवडायला तांदूळ घेऊन बसतात त्या दोघी. तेच वाकणं, तोच कान. ज्याने केल्या तो नक्की आमच्या जिन्यातून गेलेला आहे.

मग एक दगडी कडं, माणसाएवढं. मधून आरपार दिसतं. चांगुणाबाई पलीकडे गेल्या आणि भोकातून डोकं काढून म्हणाल्या, "मीना, मी हितं शोभतंय का?" अंकुश म्हणाला, "आजी, शोभताय, पण बाहेर या, माझी नोकरी जाईल!"

आणि शेवटी ते यंत्र! तिथे चक्क पाटी — 'हात लावावा'. माझा विश्वास बसेना. अंकुशला विचारलं, नक्की ना? म्हणाला, "लावा ताई, ते पण कंटाळलेत." पितळेची डोकी ओळीने बसवलेली, बाजूला शेवयांच्या यंत्राला असतो तसा दांडा. चांगुणाबाईंनी फिरवला. पहिल्या डोक्याने मान हलवली — होय. दुसऱ्याने — होय. पुढच्याने होय, त्याच्या पुढच्याने होय... आणि शेवटच्याने — नाही!

"मीटिंग!" मी ओरडलेच. सोसायटीची मीटिंग! पाण्याची वेळ वाढवू या — होय, होय, होय — आणि टोकाला आमचे सेक्रेटरी! चांगुणाबाई खालीच बसल्या. मी फिरवलं. अंकुशने फिरवलं. पुन्हा मी. होय होय होय होय — नाही! माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. इतकं मी कधी हसले होते? ऋता लहान असताना तिच्याबरोबर. त्यानंतर आठवत नाही.

आता खरी गंमत. निघायला म्हणून दाराशी आलो, तर आमच्या चपलांभोवती माणसं! एक दाढीवाला झोळीवाला, एक वही घेतलेली मुलगी, आणि एक गोरी बाई कॅमेरा रोखून. वरून दिवा नेमका चपलांवर. दाढीवाला मुलीला समजावत होता — "ह्या दोन स्त्रिया आहेत. एक पुढे निघालीय, दुसरी थकलीय. आणि हा हिरवा दोरा बघ. त्या एका टाक्यात सगळं आयुष्य आहे."

अहो, काळा दोरा संपला होता म्हणून हिरवा घातला मी!

मी वाकले तसा दारावरचा दुसरा राखणदार ओरडला, "ओ बाई! हात लावू नका!"

"अहो, माझी चप्पल आहे."

"इथलं सगळं कुणाचं ना कुणाचं असतंच."

चांगुणाबाईंनी नऊवारी जरा वर घेतलं आणि पाय पुढे केला. "ही बग माजी टाच. ही बग चपलेची झीज. जुलते का नाय, सांग!" आणि सरकवला की पाय आत! गोऱ्या बाईने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं हेही प्रदर्शनातलंच. टाळ्यांच्या गजरात चपला घालून आम्ही बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

पण वाकले होते ना, तेव्हा क्षणभर मलाही त्या दिसल्या. माझ्याच चपला. टाच एकीकडे झिजलेली, अंगठा निघू बघतोय, सगळा जीव पुढे जायचा. रोज पायात घालते, कधी बघितल्याच नव्हत्या!

बँकेत साहेबांना पत्रिका दिली. त्यांनी ती वाचली आणि मान हलवली. तश्शीच! पितळी! चांगुणाबाईंनी मला कोपराने ढोसलं. झालं. दोघी सुटलो. साहेबांच्या केबिनमध्ये! मी खोकल्याचं सोंग केलं, चांगुणाबाईंनी तेही केलं नाही.

दोन तिकिटांचा खर्च वहीत कुठे लिहू? प्रवास नाही, किराणा नाही. देवधर्मात टाकला. दत्तगुरू, चालेल ना?

शुक्रवार, २३ जानेवारी

पनवेलचा फोन. विहीणबाई — "दादा सांगत होते, तुम्ही फार हसऱ्या आहात म्हणून." लगेच फोन ठेवला.

ऋताचा चेहरा एवढासा झाला. "आई, प्लीज. लग्नात हसू नकोस गं. मला तिथे राहायचंय." माझ्या पोरीला असं म्हणावं लागलं! मी कान पकडले. देवासमोर दिवा लावून सांगितलं, लग्न होईपर्यंत हसणार नाही.

शनिवार, २४ जानेवारी

कसलं काय! सकाळी दूध उतू गेलं, पातेल्याकडे बघितलं तर ते ओठ काढून बसलेलं. कुकर शिट्टीआधी खांदे उडवतो. विळीवर बसले तर विळी मान ताठ करून बघते, हेडमास्तरीण! पूजेला बसले, ताम्हनात पळी आडवी पडलेली, अगदी दुपारच्या डुलकीला. पोथी बंद करून क्षमा मागितली. देव रागावल्यासारखे वाटले नाहीत.

सोमवार, २६ जानेवारी

खारकांच्या पोपटांना हात लावायला बसले. तिसऱ्या पोपटाला मीच विचारलं, काय रे, तुला तरी मजा येते का?

माळ्यावरून वाणाचं पिंप खाली काढलं.

बुधवार, २८ जानेवारी

बाई उभी राहिली! पोट म्हणजे जुना ॲल्युमिनियमचा टोप, उपडा. त्यावर डबा, त्यावर डोक्याला कढई. चुलतजावेने दिलेल्या दोन गाळण्या — डोळे. जाळी बाहेरून, म्हणजे कसे वटारलेले! नाकाला लिंबू पिळायचं यंत्र. तारेची घासणी वळून मागे अंबाडा. एका हातात झारा, वर धरलेला, आशीर्वाद देतेय की मारतेय कळू नये असा. दुसरा हात उलथणं, कमरेवर. सगळं तारेने आवळून बांधलं, एकाही भांड्याला भोक पाडलं नाही. उद्या सोडलं तर ज्याचं त्याला वापरता येईल.

आणि तोंड! तोंडाला सांडशी आडवी बसवली. पाठीमागे दोरी. दोरी ओढली की तोंड उघडतं, सोडली की — टक्!

चांगुणाबाई बघायला आल्या आणि टक् टक् टक् करत अर्धा तास गेल्याच नाहीत. "येडी झालीस गो तू! माजी लेक असती तर तिच्या लग्नात पन हीच ठेवली असती."

रुखवतात मधोमध ठेवणार. किती वर्षांनी काही करताना जांभई आली नाही!

शुक्रवार, ३० जानेवारी

घात झाला.

बाईला जरा शोभा यावी म्हणून काल तिला माझं जुनं हिरवं काठाचं लुगडं गुंडाळलं, नथ घातली, ठसठशीत कुंकू लावलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर उभी केली. हे आज अंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर आले, एक पाऊल टाकलं आणि "अरे बापरे!" करून पुन्हा मोरीत! आतून मला दबक्या आवाजात — "अगं, विहीणबाई कधी आल्या? सांगायचं नाही? माझा सदरा दे आधी!"

मी बाईकडे बघितलं. वटारलेले डोळे. मिटलेलं तोंड. कमरेवर हात. अंबाडा.

देवा! विहीणबाई!

मी मुद्दाम नाही केलं. इथे तरी खोटं कशाला लिहू? हात चालत गेले, बाई होत गेली. हे सदरा घालून आले, त्यांनीही नीट बघितलं आणि आमचं दोघांचं जे काही झालं! भिंतीला धरून हसलो. मग ह्यांनी डोळे पुसले. हे म्हणाले, "मुलीकडचे आहोत आपण. हे हॉलमध्ये गेलं तर ऋताला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

रविवार, १ फेब्रुवारी

नथ काढली. विहीणबाईच. कुंकू बारीक केलं. विहीणबाईच. अंबाडा सोडून वेणी घातली — वेणी घातलेल्या विहीणबाई, आणखीच भयंकर! शेवटी काळ्या दोऱ्याची मिशी लावली. मिशीवाल्या विहीणबाई! ऋता नेमकी खरेदी आटपून आली, तिने बघितलं, आणि सुटली. उचकी लागेपर्यंत! मीही. मिशी निघून पडली तरी आम्हाला थांबवेना.

मग हसता हसताच तिचे डोळे भरले. "आई, मोड गं हे."

मोडते म्हटलं. आज हात होईना.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पारायण पूर्ण केलं, नैवेद्य दाखवला आणि पक्कड घेऊन बसले. आधी झाऱ्याची तार सोडणार होते.

ऋताने माझा हात धरला. मेंदी लागायची होती अजून, हात मोकळे होते. म्हणाली, "राहू दे, आई."

"आणि त्या रागावल्या तर? मी काय, इथे राहीन. भोगायचं तुला आहे."

"रागावल्या तर रागावल्या. मान खाली घालून गेले तर ती कायमचीच खाली राहील. त्या घरात मला हसता येणार की नाही, ते मला पहिल्याच दिवशी कळू दे. नंतर हळूहळू कळण्यापेक्षा."

एवढीशी होती ही! मी तार पुन्हा आवळली. नथही परत घातली, अंबाडाही बांधला. दत्तगुरू, आता तुम्ही आणि ती.

शनिवार, ७ फेब्रुवारी

हळद झाली. काकडी मी स्वतः चिरून बघितली, कागदासारखी.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काल लग्न लागलं. वाशीचा हॉल भरला होता. जेवणं उत्तम. कोशिंबिरीबद्दल कुणी काही बोललं नाही.

रुखवताभोवती गर्दी. साखरेच्या देवघराकडे कुणी ढुंकून बघेना! पोरं दोरी ओढायला रांगेत. टक्! आणि हशा. टक्! आणि हशा. मग विहीणबाई आल्या तशी पोरं पांगली. मी, हे, ऋता, तिघं तिथेच. मुंडावळ्यांतून ऋता त्यांच्याकडे बघत होती. मी मनात नामस्मरण करत होते, पण नाम पुढे सरकेना.

विहीणबाई बाईसमोर उभ्या राहिल्या. समोरासमोर! दोघींच्या नथी, दोघींचे काठ. खूप वेळ बघितलं. एकदा अंबाड्याला हात लावला. पार्थ बिचारा छताकडे बघत होता.

"कुणी केलं हे?"

"मी," म्हटलं. 

हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली, बाईला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली आणि पार्थला म्हणाल्या, "हे टेम्पोत टाकायचं नाही. मी मांडीवर घेऊन जाणार."

गाडी निघाली. पुढे शालीतली बाई मांडीवर घेऊन विहीणबाई, मागे माझी ऋता. ऋताने मान खाली घातली नव्हती. पण मी परत आल्यावर पहिल्यांदा तिच्या रिकाम्या कॉटवर बसून रडले. हौस माझी, आणि किंमत तिने द्यायची!

बुधवार, ११ फेब्रुवारी

सत्यनारायणाला पनवेलला गेलो. सगळं रुखवत दिवाणखान्यात मांडलेलं. भटजी, पोपट, झोपडी. बाई नाही.

तीर्थप्रसाद देताना ऋता कानात म्हणाली, "त्यांच्या खोलीत आहे. आत जातात आणि दार लावून घेतात. काही बोलत नाहीत." मी विचारलं, तू बरी आहेस ना? म्हणाली, अजून कळलं नाही.

प्रसाद गोड लागला नाही. देवा, माफ कर, पण लागला नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दुपारी फोन. विहीणबाई! "मीनाताई," म्हणाल्या. पहिल्यांदाच नावाने. "खरं सांगा, आमच्या सासूबाईंना तुम्ही कुठे बघितलंत? त्या तर हे स्थळ जुळायच्या आधीच गेल्या. तेच डोळे हो! झारा उगारलेला तस्सा! काकडी जाड झाली की तेच तोंड! त्यांच्यासमोर मी सगळ्या संसारात एकदाही मोठ्याने हसले नाही. त्या गेल्या तोवर हसायची सवयच मोडली." मग आवाज एकदम बारीक झाला, शाळेतल्या पोरीसारखा — "आता दार लावून समोर बसते. मला हवं तेव्हा सासूबाईंचं तोंड उघडते, मला हवं तेव्हा मिटते. दोरी माझ्या हातात! थांबा, सूनबाईला सांगते ओढायला, ऐका."

टक्!

आणि मग पलीकडे दोघीजणी हसत सुटल्या. एकीला उचकी लागली होती.